चुलीचा वारा



व्याख्यानाचे आमंत्रण आले तेव्हा चालकांची अशी समजूत होती की, मी यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर किंवा कामगार कायद्यांवर बोलेन. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे, तेव्हा त्यांची चूक नाही. मी उलट कळविले की, या खेपेस मी घरच्या चुलीवर बोलणार आहे. चुलीत वारा किती सोडावा आणि किती अडवावा, यावर. त्यांचा पुन्हा निरोप आला, 'विषय नक्की ना?' मी म्हटले, नक्की. आणि हा विषय कामगार चळवळीच्या बाहेरचा नाही, हे तासाभरात पटवून देता आले नाही तर पुढच्या वर्षी मला बोलावू नका.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते बॉयलरपाशी, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे माझ्या बोलण्यात शास्त्रदृष्ट्या काही उणे दिसले, तर श्रोत्यांतील जाणकारांनी शेवटी जरूर सांगावे.

१९८८ साली मी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये कामाला लागलो. सायझिंग म्हणजे जेथे मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात आणि वाफेने तापलेल्या रुळांवर ते सूत वाळवतात. वाफ आली म्हणजे बॉयलर आला, आणि बॉयलर आला म्हणजे आगवाला आला. मी त्या आगवाल्याच्या हाताखालचा पोऱ्या. लाकडे फोडायची, ओढायची, राख काढायची. मला वाटे, आग म्हणजे जळण. जितके जळण घालू तितकी वाफ. म्हणून वस्तादांची पाठ वळली की मी भट्टीत लाकडे कोंबत असे. वाफेचा काटा वर जायच्या ऐवजी खाली येई आणि धुराड्यातून काळा धूर निघे. एके दिवशी वस्तादांनी माझे मानगूट धरून मला अंगणात नेले आणि म्हणाले, "लेका, आगीकडं बघू नगंस. धुराड्याकडं बघ. काळा धूर दिसला की समज, आग गुदमरलीया. तिला लाकूड नको, वारा पाहिजे."

बॉयलरच्या भट्टीला वाऱ्याच्या तीन वाटा असतात. जाळीखालून येणारा वारा ही पहिली. भट्टीच्या दारातून जाळावर येणारा वारा ही दुसरी. धुराड्यातून बाहेर जाण्याची वाट ही तिसरी, आणि तिच्यावर एक झडप असते. तिला आम्ही डॅम्पर म्हणतो. साखळी ओढली की झडप उघडते, सोडली की मिटते. बॉयलर चालविणे म्हणजे या तीन वाटांचा मेळ राखणे. हे मला एका अपघाताने कळले. झडप जवळजवळ मिटलेली असताना मी भट्टीचे दार एकदम उघडले. आत कोंडलेल्या वायूंना हवा मिळाली आणि जाळ भक्कन् दाराबाहेर आला. माझ्या भुवया गेल्या, डोळे वाचले. वस्तादांनी तोंडाला खोबरेल लावताना एवढेच सांगितले, "आधी जायची वाट, मग यायचं दार." पुढे संघटनेच्या कामातही हे वाक्य मला वारंवार उपयोगी पडले, पण तो विषय आजचा नव्हे.

आता घरी चला. दोन पाळ्या करून मी घरी येई तेव्हा आई चुलीपाशी बसलेली असे. आमची चूल मातीची, शेजारी वैल, वर कौले. धुराडे नाही. धूर कौलांच्या फटींतून जाईल तितका जाई, बाकीचा घरात राही. जळण काय, तर बाभळीच्या काटक्या, शेणी आणि पावसाळ्यात जे मिळेल ते ओले लाकूड. हातात लोखंडी फुंकणी. जाळ बसला की आई वाकून फुंकणीने फुंकर घाली, खोके, डोळे पुसे आणि पुन्हा फुंकर घाली. मी समोर पाटावर बसून तिला बॉयलरच्या गमती सांगत असे. डॅम्पर काय, ओढ काय, धुराचा रंग काय! पण समोर जे चालले आहे ती तीच गोष्ट आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. कारखान्यातल्या आगीला सत्तर फुटी धुराडे होते. आईच्या चुलीला ओढ द्यायला तिची छाती होती.

२००१ साली आई गेली. शेवटची चार वर्षे तिला दहा पावले चालली की दम लागे. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारले, "या विडी ओढत होत्या का?" मी म्हणालो, नाही. त्यांनी मग विचारले, "स्वयंपाक कशावर करत होत्या?" त्या प्रश्नाने मी खाली बसलो. बॉयलर चालवायला सरकारी परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्र लागते. १९२३ सालच्या कायद्यापासून तशी व्यवस्था आहे. माझ्याकडे ते प्रमाणपत्र होते. वाऱ्याच्या तीन वाटा मला तोंडपाठ होत्या. आणि माझ्याच घरात एक आग चाळीस वर्षे गुदमरत होती, तिच्यापुढे बसलेले माणूसही गुदमरत होते, आणि मी तेथे बसून भाकरी खात होतो.

मित्रहो, हे सांगून मला तुमची सहानुभूती नको आहे. मला पुढचे सांगायचे आहे. आई गेल्यावर मी ठरविले की, चुलीचा वारा कसा आवरावा हे नीट शिकायचे.

प्रथम पुस्तकांतून शिकलो. आपण म्हणतो, लाकूड जळते. खरे पाहता प्रथम ते वाळते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चांगले वाळल्यावर शेकडा पंधरा-वीस उरते. हे पाणी उडून जाईपर्यंत आगीची पुष्कळशी धग त्यातच खर्च होते. पुढे दोनशे-तीनशे अंशांच्या वर लाकडातून वायू आणि डांबरासारख्या वाफा सुटू लागतात. कोरड्या लाकडाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो, आणि मागे राहतो तो कोळसा. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा, आणि निखारा म्हणतो तो कोळशाचा. या दोघांना वारा वेगवेगळ्या जागी लागतो. निखाऱ्याला तो खालून हवा. जाळाला तो वर, जेथे वायू अजून तापलेले आहेत तेथे हवा. वारा कमी पडला तर वायू न जळताच निघून जातात, तोच धूर. आणि थंड वारा भसाभस आला, तर जाळ निवतो आणि पुन्हा धूरच होतो. म्हणजे धूर दोन्ही बाजूंनी येतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

धूर हे न जळालेले जळणच आहे, याचा पडताळा आज रात्री घरी घ्या. मेणबत्ती विझवा आणि वातीवरून जी पांढरी रेघ वर जाते तिला जळती काडी लावा. जाळ त्या रेघेवरून उडी मारून वातीवर येईल. मायकेल फॅराडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना मेणबत्तीच्या ज्योतीवर व्याख्याने देत असे. १८६०-६१ च्या नाताळातली ती व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने निघाली. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. त्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट. हा फॅराडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला. ज्योतीच्या मधून वाफ नळीने बाहेर काढून तो ती दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवी. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला अशा माणसाचा मोठा आधार वाटतो.

त्याच संस्थेच्या स्थापनेत, १७९९ साली, पुढाकार घेणारा काउंट रमफर्ड हा तर चुलींचाच शास्त्रज्ञ. म्युनिकमध्ये गरिबांसाठी काढलेल्या कामघरात शेकडो लोकांचा स्वयंपाक होई. तेथे त्याने उघड्या आगीऐवजी बंदिस्त चुली बांधल्या, खाली जाळी दिली, राखेच्या दाराला कमीजास्त होणारी खिडकी ठेवली आणि धुराच्या वाटेवर झडप बसविली. भिकाऱ्यांना पकडून कामाला जुंपण्याची त्याची तऱ्हा मला मान्य नाही. पण वारा मोजून द्यावा लागतो, हे त्याने घरच्या चुलीपर्यंत आणले, हे कबूल केले पाहिजे.

वारा लागतो तरी किती? एक किलो कोरडे लाकूड पुरते जळायला सुमारे सहा किलो हवा लागते, म्हणजे पाच घनमीटर. प्रत्यक्षात चुलीतून याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक हवा जाते. म्हणजे चुलीत आपण लाकूड घालतो त्याच्या कितीतरी पट वारा घालतो. फक्त तो दिसत नाही आणि विकत घ्यावा लागत नाही, म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

हा वारा आत ओढतो कोण? धुराडे. त्यातली गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा शिरते. धुराडे जितके उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ अधिक. पण घरच्या धुराड्याची ओढ किती नाजूक असते पाहा. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात हवा दीडशे अंश तापलेली असली, तरी ती ओढ पाण्याच्या जेमतेम एक मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढी भरते. एवढ्याशा ओढीवर सारा कारभार. धुराड्यात काजळी साचली, वर चिमणीने घरटे केले, शेजाऱ्याची भिंत उंच झाली, की ती उलटलीच म्हणून समजा.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब आहे त्यांना हे सारे रोज दिसते. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली मोकळी जागा, भोवती पाणी. वरून ढलप्या टाकल्या की नळीच धुराड्याचे काम करते आणि वारा खालून वर धावतो. खालची राख काढायला विसरा, बंब लगेच धुमसू लागतो. ती जागा निम्मी झाका, जाळ मंदावतो पण पाणी तापतच राहते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात चुलाणापुढे बसलेला माणूस तेच करतो. चिपाड मूठमूठ, पण न थांबता घालतो. एकदम ढीग लोटीत नाही. लोटला तर कढईतला रस थंडावतो, हे त्याला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

एवढी तयारी झाल्यावर २००३ साली मी आमच्या वस्तीत एका यंत्रमाग कामगाराच्या घरी चूल बांधली. दोन भांड्यांची, खाली लोखंडी सळ्यांची जाळी, मागे सिमेंटच्या नळाचे तीन मीटरचे धुराडे आणि त्यात पत्र्याची सरकती झडप. पेटविली तेव्हा घरात धुराचा मागमूस नव्हता. मी मिशीवर ताव दिला. आठ दिवसांनी गेलो तर त्या घरच्या अक्का म्हणाल्या, "दादा, तुमची चूल लई चांगली, पण ती आभाळाला शेक देतीया. जळण दुप्पट लागतंय आणि तवा काय तापत नाही." मी पाहिले तर झडप पूर्ण उघडी. जाळ तव्याखाली न थांबता सरळ धुराड्यात धावत होता. मी झडप मिटविली. क्षणात सारे घर धुराने भरले आणि अक्कांची सून पोर उचलून बाहेर पळाली. बॉयलरचे प्रमाणपत्र खिशात असलेल्या माणसाची ही फजिती!

पुढचे तीन आठवडे मी कामावरून सुटलो की त्या चुलीपाशी बसे. पण शिकलो मी नव्हे, आधी शिकल्या अक्का. त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार होते. ओढ फार झाली की जाळ घुर्रर्र करतो, बेताची झाली की तो आवाज बसतो, हे त्यांनी मला दाखविले. त्यांनी झडपेच्या दांडीवर चुन्याच्या तीन खुणा केल्या. पहिली पेटविण्याची, म्हणजे पूर्ण उघडी. दुसरी भाकरीची, निम्म्याच्या जरा वर. तिसरी आमटीची, बरीचशी मिटलेली. त्यांनी लाकडे एकेक करून, टोकाकडून आत सारायला सुरुवात केली. चुलीच्या तोंडावर पत्र्याची एक आडवी फळी आणली आणि जाळ धरल्यावर ती पुढे ओढून वरचा वारा बेताचा केला. महिनाभरात जळण पूर्वीच्या मानाने कमी लागू लागले. मी तेथे जे शिकलो ते पाच वाक्यांत सांगतो, लिहून घ्यायचे असेल तर घ्या.

जळण वाळवा, ओल्या लाकडापुढे कोणतीही झडप चालत नाही. पेटविताना सगळ्या वाटा पूर्ण उघड्या ठेवा, कारण धुराडे तापेपर्यंत ओढ नसते. जाळ स्थिर झाला की वाट हळूहळू कमी करा आणि धूर दिसताच थोडी परत द्या. राख रोज काढा आणि धुराडे महिन्याने झाडा. आणि निखारे जिवंत असताना झडप कधीही पुरती मिटू नका.

शेवटचे वाक्य मी मुद्दाम दोनदा सांगतो. निखाऱ्यांना वारा कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्ताला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. थंडीत खोलीत पेटती शेगडी घेऊन, दार लावून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यामुळे. बांधकामावरच्या मजुरांत असे मरण येते तेव्हा लोक म्हणतात, झोपेत गेले. झोपेत गेले नाहीत, वारा नव्हता म्हणून गेले.

आता एक प्रश्न तुम्ही विचाराल. बिनधुराच्या चुली काही आजच्या नाहीत, मग त्या गेल्या कोठे? प्रश्न रास्त आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून मगन चूल निघाली. हैदराबादेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. २००२ साली तो बंद झाला. त्यांतल्या पुष्कळ चुली बायकांनी फोडून पुन्हा जुन्या मांडल्या. अधिकाऱ्यांनी म्हटले, अडाणी आहेत. मी काही गावांत विचारीत फिरलो. गवंडी आला, चूल बांधली, फोटो काढला आणि गेला. झडप कशासाठी आहे, कधी किती सारायची, काजळी कशी काढायची, हे कोणी सांगितले नाही. भांडे चुलीच्या भोकात बसते का, हेही कोणी विचारले नाही. चुली मोजल्या; चूल चालवायला किती जणी शिकल्या, ते मोजले नाही. कारखान्यात नवे यंत्र आणून कामगाराला न शिकविता उत्पादन मागणारा मालक आणि हा कारभार यांत मला फरक दिसला नाही.

'अहो, आता गॅस आला आहे,' असे कोणी म्हणेल. आला आहे, आणि मी त्याचे स्वागत करतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. चुलीवरच्या भाकरीची चव शहरातल्या उपाहारगृहांत विकली जाते; त्या चवीचे कौतुक मला सांगू नका, तिची किंमत मी पाहिली आहे. घरातल्या धुराने जगात २०२० साली सुमारे बत्तीस लाख माणसे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धुराड्याची, झडपेची उत्तम चूलही गॅसइतकी निर्धोक होत नाही, हे मी तिची बाजू घेऊनही प्रामाणिकपणे सांगतो. पण आमच्या वस्तीत एक सिलिंडर संपला की दुसरा आणण्याआधी पगाराची वाट पाहिली जाते. तोवर चूल पेटते. आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण, लग्नाकार्यातला स्वयंपाक चुलीवरच होतो. ज्या घरात चूल आहे, त्या घरातल्या बाईला 'गॅस येईल तोवर धूर खा' असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

म्हणून आमच्या संघटनेने आपल्या मागण्यांत काही मागण्या घातल्या आहेत. सिलिंडरची किंमत मजुराच्या पगाराच्या बेताची असावी. घरकुल बांधताना धुराड्याची जागा नकाशातच असावी. आणि चूल शिकवायची ती अक्कांसारख्या बायकांनी, तीही फुकट नव्हे, मेहनताना घेऊन. पहिल्या सभेत आमचेच काही सभासद हसले. म्हणाले, संघटना आता भांडी घासणार काय? मी त्यांना विचारले, तुमच्या घरात आगवाला कोण आहे? कोणी बोलेना. मी म्हटले, कारखान्यातल्या आगवाल्याला आपण परीक्षा, वर्दी आणि पगार मागतो, कारण तो आगीपुढे उभा राहतो. घरी जी आगीपुढे बसते तिला निदान एक झडप मागू या. ठराव मंजूर झाला. एकमताने नाही, पण मंजूर झाला.

अक्कांच्या त्या चुलीला आता वीस वर्षे होऊन गेली. माती दोनदा बदलली, पत्रा तीनदा. दांडीवरच्या चुन्याच्या खुणा त्यांची सून दर दिवाळीला नव्याने काढते. त्या दिवशी धुरातून पळालेली सून तीच. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा ती शेजारच्या एका नव्या नवरीला झडप शिकवीत होती. मी दारातच उभा राहिलो. ती म्हणाली, "दादा, थांबा जरा, मध्ये बोलू नका; आधी तिला आवाज ऐकू द्या." मी गप्प उभा राहिलो. माझी आई गेली तेव्हा मला जे शिकवायला हवे होते ते कोणीतरी कोणाला तरी शिकवीत होते, आणि घरात धूर नव्हता.